कृष्णविवरं आणि घाबरवणाऱ्या बातम्या

महोदय,
कृष्णविवर पृथ्वी गिळणार का, अशा मथळ्यांनी माझ्या नववीतल्या मुली खरोखर धास्तावल्या. फळ्यावर गणित मांडलं: सूर्य तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर झाला, तर त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल आणि पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. तेव्हा कुठे वर्ग शांत झाला.

परग्रहावरच्या जीवसृष्टीचंही तेच. उडत्या तबकड्यांना अर्धं पान. पण जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली गेली, तिच्यात अतिनील किरणांना दाद न देणारे नवे जिवाणू सापडले, याला दोन ओळी नाहीत! ते अंतराळातूनच आले, असं सिद्ध झालेलं नाही. इस्रोनं तसं स्पष्ट सांगितलं होतं. तेही छापा. मुली हे चवीनं वाचतात.

– एक विज्ञान शिक्षिका, नारायणगाव