उज्जीवनानंतरची सकाळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केडगावच्या मुक्ती मिशन या पंडिता रमाबाईंच्या संस्थेत १९०५ साली झालेल्या उज्जीवनावरचा, म्हणजे तिथे उसळलेल्या ख्रिस्ती भक्तीच्या लाटेवरचा, लेख रविवारी वाचला. लेख चांगला आहे, पण मला खरी उत्सुकता होती तिथेच तो संपला.

जूनअखेरची ती पहाट आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एका मुलीला आपण आतून पेटलोय असं वाटलं, देखरेखीची बाई पाण्याची बादली आणायला धावली आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की आग कुठेच नाही. पुढे रडणं, पापकबुली, तासन्‌तास प्रार्थना. सगळं खरं. पण त्या दिवशी शेकडो बायका-मुलींच्या भाकऱ्या कोणी थापल्या? दुष्काळातून रमाबाईंनी उचलून आणलेल्या त्या मुली. पाणी ओढायचं होतं, आजाऱ्यांचं बघायचं होतं, अंध मुलींना शिकवायचं होतं. खुद्द रमाबाई त्यानंतर वर्षानुवर्षं हिब्रू-ग्रीक घेऊन बसल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत. मुक्तीच्याच छापखान्यात मुली छपाईचे खिळे जुळवत. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम सुटलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं ते १९२४ मध्ये. मला त्या पहाटेपेक्षा ही वर्षं मोठी वाटतात.

मी निवृत्त परिचारिका. एका वृद्धाश्रमात आठवड्यातून तीन दिवस जाते. मे महिन्यात ख्रिस्ती शिबिराहून परतले ती तरंगतच. बायबलमध्ये डोंगरावर येशूचं तेज पाहून त्याच्या शिष्याला, पेत्राला, तिथंच तीन मंडप बांधावेसे वाटले ते काही उगीच नाही! सोमवारी सकाळी सातला आश्रमात गेले तर एका आजींनी चादर खराब केलेली. पुसायला वाकले, तर त्यांनी मनगटावर नखं ओढली आणि पेजेची वाटी माझ्या अंगावर. ओठांवरचं गाणं तिथंच थांबलं. राग आला, खोटं कशाला बोलू. चादर बादलीत भिजत घातली आणि पुन्हा पेज करायला गेले. आजी आता पेज घेतात, पण माझ्या हातून नाही.

त्याच शिबिरात शेवटच्या रात्री ‘सेवेला कोण तयार आहे’ विचारल्यावर साठेक हात वर गेले होते. आश्रमाच्या पाळीच्या वहीत त्यानंतर एकच नवं नाव आलं. पोरांना बोल लावत नाही. सेवा म्हणजे ही चादर आणि ही पेज, हे त्यांना सांगितलंय कोणी? त्या गोष्टीतही येशू आणि शिष्य डोंगरावरून उतरल्यावर समोर आला तो आगीत-पाण्यात पडणारा, फेफऱ्याचा मुलगा आणि त्याचा रडकुंडीला आलेला बाप. आमची प्रवचनं मात्र मंडपांपाशीच अडतात.

मुक्तीवर पुन्हा लेख छापणार असाल तर तिथल्या स्वयंपाकघरावर आणि छापखान्यावर कोणाकडून तरी लिहून घ्या, ही विनंती.

— एक वाचक, अहिल्यानगर