डॅन्यूबकाठून सांगलीला

बुडापेस्ट, २२ सप्टेंबर २०२४, रात्र

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

दुपारी इथल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा निकाल लागला तेव्हा मी फोनवर रडत होते. तू "छान झालं" म्हणालीस आणि फोन अण्णांच्या हातात दिलास. तुझं बरोबरच होतं. जे बोलायचं होतं ते मलाच बोलता येत नव्हतं. आता मामा झोपलाय, म्हणून त्याच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे.

निकाल तुला ठाऊक आहेच. महिलांनी अझरबैजानला आणि खुल्या संघाने स्लोव्हेनियाला, दोघांनीही साडेतीन-अर्धा असं हरवलं. या संघांत आपला विदित गुजराथी आणि दिव्या देशमुख, एक नाशिकचा, एक नागपूरची, आणि महिला संघाचे कप्तान आपल्या पुण्याचे अभिजित कुंटे. ऑनलाइन नव्हे, समोरासमोर बसून खेळलेल्या ऑलिम्पियाडमध्ये भारताला याआधी कधीही सुवर्ण मिळालं नव्हतं, आणि आज एकाच दुपारी दोन्ही गटांत मिळालं. पण मला सांगायचंय ते आजचं नाही, गुरुवारचं, १९ तारखेचं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्पर्धेच्या हॉलमध्ये गेले. मेट्रोतून उतरल्यावर पाचेक मिनिटं चालायचं. आत शेकडो पट एका वेळी मांडलेले आणि शांतता इतकी, की कुणी खुर्ची मागे सरकवली तरी ऐकू यावं. आपल्या मुली त्या फेरीत पोलंडशी खेळत होत्या. तोवरच्या सातही लढती जिंकलेल्या. त्या दिवशी दिव्याने आपला डाव जिंकला, तरी संघ दीड-अडीचने हरला. माझ्या पोटात गोळा आला. मला २०२२ सालचं चेन्नईजवळचं ऑलिम्पियाड आठवलं. शेवटच्या फेरीत अमेरिकेशी हरून सुवर्ण हातातून गेलं होतं आणि तू जेवली नव्हतीस.

मग मी पार मागच्या टेबलांकडे बघत बसले. तिथे एक मुलगी होती, तुझ्याच वयाची, तेरा-चौदाची. देश कुठला ते वाचता आलं नाही. पांढरी घेऊन खेळत होती, हरली. तिने हात मिळवला, दोन्ही राजे उचलून मधल्या काळ्या घरांत ठेवले, म्हणजे काळा जिंकला. कागदावर सही केली आणि बराच वेळ त्या दोन राजांकडे बघत बसून राहिली. नंतर ती मला बाहेरच्या पॅसेजमध्ये दिसली. तिच्याबरोबर एक बाई होत्या, आई की संघातल्या कुणी, कोण जाणे. त्यांनी पिशवीतून केळं काढलं, सोलून तिच्या हातात दिलं आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. केळं संपेपर्यंत एक शब्द नाही. संपल्यावर सालही त्यांनीच घेतलं. थोड्या वेळाने तिची प्रतिस्पर्धी तिथे आली आणि त्या दोघी कोपऱ्यातल्या पटावर तोच डाव पुन्हा लावायला लागल्या.

मनू, मला तिथे आपली कोल्हापूरची एसटी आठवली. जूनमधली, तू शेवटची फेरी हरलीस त्या दिवशीची. हातकणंगल्यापासून अंकलीच्या पुलापर्यंत मी विचारत होते. तो घोडा का नाही घेतलास, वेळ होता तर विचार का नाही केलास, इतकी फी भरली ती कशाला. तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. डब्यातली पोळी तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी तू पट कपाटावर टाकलास आणि मी शेजारणीला सांगितलं की हिला आता अभ्यास करायचाय. मी खोटं बोलले. माझं चुकलं. फोनवर हेच म्हणायचं होतं, जमलं नाही.

काल सकाळी मामा नदीवर घेऊन गेला. डॅन्यूबला पूर आलाय, काठचे खालचे रस्ते बंद आहेत, वाहतुकीच्या पाट्या गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या आहेत आणि पार्लमेंटच्या पायऱ्यांना पाणी लागलंय. जागोजागी वाळूची पोती. मी पहिलं विचारलं, "पातळी किती?" मामा म्हणाला, आठ मीटर तीसच्या आसपास. मी मनातल्या मनात फूट केले, साधारण २७. आणि २०१९ चा ऑगस्ट डोळ्यांसमोर आला. आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर पाणी होतं, आपण वरच्या मजल्यावर जोश्यांकडे, वीज नाही. अण्णांनी घरातून निघताना कागदपत्रांच्या पिशवीत पट कोंबला होता. तू आठ वर्षांची. मेणबत्तीच्या उजेडात अण्णांशी किती डाव हरलीस त्याची मोजदाद नाही. तेव्हा का हरलीस म्हणून तुला कुणी विचारलं नव्हतं, आणि तू लगेच सोंगट्या पुन्हा मांडायचीस.

तुला आवडेल अशी आणखी एक जागा मामाने दाखवली. सेचेनी नावाची गरम पाण्याची स्नानगृहं आहेत, १९१३ सालची. उघड्यावर मोठा हौद, वर वाफ, आणि छातीभर पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळतात. बघणारेही पाण्यातच. एकाने चाल करायला इतका वेळ लावला की त्याच्या बोटांना सुरकुत्या पडलेल्या मला दिसत होत्या. बुद्धिबळातल्या नावाजलेल्या पोल्गार बहिणी याच शहरातल्या. तिघी १९८८ च्या ऑलिम्पियाडमध्ये एकत्र खेळल्या आणि सुवर्ण घेऊन आल्या. धाकटी युदित तेव्हा १२ वर्षांची होती. त्या म्हाताऱ्यांकडे बघताना वाटलं, यांच्यातल्या कुणीतरी त्यांना लहानपणी खेळताना पाहिलं असेल.

शुक्रवारी अमेरिकेशी बरोबरी झाली. म्हणजे लागोपाठ दोन दिवस विजय नाही. आणि शनिवारी समोर चीन. चारपैकी तीन पट ड्रॉ, आणि दिव्याने तिसऱ्या पटावर जिंकलेला एकच डाव. त्या एका डावावर लढत जिंकली. मी मामाच्या लॅपटॉपवरून तो पूर्ण डाव वहीच्या कागदावर उतरवून घेतला आहे, तुझ्यासारखा दोन रकान्यांत. मला सुरुवातीच्या चाली समजतात, पुढे काही कळत नाही.

गुरुवारी रात्री मी मिरजेला उतरेन. तुझी घटक चाचणी आहे, स्टेशनवर येऊ नकोस, अण्णा येतील. कागद तुझ्या टेबलावर ठेवते. वाटलं तर मला तो डाव समजावून सांग. नाही वाटलं तर तसाच राहू दे, मी विचारणार नाही.

तुझी,
आई