या गणपतीला मी येत नाही

पुणे, १४ ऑगस्ट २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा पावसाबद्दलच बोलत बसले. म्हणून लिहिते आहे. बाबा, पत्र तुम्ही मोठ्याने वाचा, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन हातात घेऊ नका.

या गणपतीला मी येत नाही. तिकीट रद्द केलं. १९ तारखेला तपासणीसाठी माझ्या पाठीतून पाणी काढायचं आहे. त्यानंतर काहींचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्तच. तशात कुंभार्ली घाटातून एस.टी.ने यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई, पाठीत सुई म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा आला असेल. पण मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली, दोन मणक्यांच्या मधून जाते. त्याने कोणी लुळं पडत नाही, मी दोनदा विचारून घेतलं.

हे एप्रिलपासून चाललंय. ऑफिसातून स्टॉपकडे जाताना मागून एका मुलाने हाक मारली, "ताई, तुमची चप्पल." डाव्या पायातली चप्पल वीसेक पावलं मागे राहिली होती आणि मला पत्ताच नव्हता. मग आंघोळीत उजव्या पायावर पाणी गरम लागायचं, डाव्यावर नुसतं ओलं. मे महिन्यात घरी आले होते तेव्हा खोवणीवर नारळ खवताना मी एकदम थांबले. "काय गं?" असं तू विचारलंस आणि मी मुंगी चावली म्हटलं. मुंगी नव्हती, आई. मान खाली घातली की मानेपासून पायापर्यंत वीज गेल्यासारखं व्हायचं. तुझ्यासमोर बसून खोटं बोलले, ते अजून सलतंय.

पहिल्या डॉक्टरांनी हात न लावताच टेन्शन आहे म्हणून सांगितलं आणि लग्न करा, सगळं ठीक होईल, असंही सुनावलं. त्यात दीड महिना गेला. मीही स्वतःला तेच समजावत राहिले. आताच्या न्यूरॉलॉजिस्ट बाई वेगळ्या आहेत. त्यांनी तासभर तपासलं, पायाच्या बोटांना कंप पावणारा चिमटा लावून लागतंय का ते विचारलं. उजवीकडे लागत होतं, डावीकडे नाही. वेडी नाहीये मी, हे कळूनच तिथे रडू आलं.

बाबा, तुम्हाला आधी जीबीएसच आठवेल, तो नसांचा आजार. जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे साथ आली तेव्हा पाणी उकळून पी म्हणून रोज फोन करायचात. हे ते नव्हे. ते झपाट्याने चढतं आणि फार तर चार आठवड्यांत वाढायचं थांबतं. शिवाय त्यात गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय बहुधा उडत नाही, माझा उलट जास्तच उडाला.

एमआरआयच्या नळीत पाऊण तास हलायचं नसतं. वाडीतला डिझेल पंप कानाशी चालू ठेवावा तसा आवाज. मला भीती वाटली. मग परवचा म्हणायला घेतला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, जसं तुम्ही दिवेलागणीला पडवीत बसवून म्हणून घ्यायचात. दिडकीत अडले. तुम्ही आता पुढचं सांगाल, असं खरोखर वाटलं क्षणभर. डोळ्यांतून पाणी आलं, पण पुसायला हात हलवता येत नव्हता.

मानेतल्या मज्जारज्जूवर एक डाग दिसला. मेंदू स्वच्छ आहे. बी-१२ सुद्धा बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. त्याचंच हे सगळं निघालं तर सोन्याहून पिवळं. पण बी-१२ ने सहसा दोन्ही पायांना सारखंच होतं, माझा डाग एका बाजूला आहे, म्हणून डॉक्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एकदाच येऊन जाणारी सूज असेल. मल्टिपल स्क्लेरोसिसही असू शकतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते. नाव मीच सांगते, म्हणजे दादाच्या फोनवर शोधून रात्रभर जागायला नको. ते निघालं तरी ते पुन्हा पुन्हा उसळणं कमी करणारी औषधं आता आहेत. आत्याच्या वेळचं मनात आणू नका. तेव्हा एमआरआय कुठे होतं?

रिपोर्ट यायला आठ-पंधरा दिवस लागतील. तोवर तुम्ही पुण्याला यायचं नाही, हेही मी ठरवलं आहे. रागावू नका. आई समोर आली की मी आजारी पडून राहीन, आणि मला आत्ता उठतं राहायचं आहे. शिवाय दीड शतकाचा गणपती घरात एकटा कोण ठेवणार?

माझी सोय नीट आहे. तिसरा मजला सोडून मैत्रिणीच्या तळमजल्यावर राहायला आले. स्कूटर विकली. मागे पट्टा असलेल्या सँडल घेतल्या. न्हाणीत प्लॅस्टिकचं स्टूल आहे, त्यावर बसून कोमट पाण्याने आंघोळ करते. कढत पाण्याने पाय आणखी जड होतो, अंग निवलं की पूर्ववत. डबा एका कोकणातल्याच काकूंकडून येतो, सोमवारी वालाचं बिरडं असतं. ऑफिसने घरून काम दिलंय. दुपारी दोनला डोळे मिटतात, तेव्हा तासभर पडते. तुझी जुनी नऊवारीची गोधडी इथे आहे, आई. तीच पांघरते.

आता माझं ऐका. आई, तू बारा वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेते आहेस, त्यानेही बी-१२ कमी होऊ शकतं. याच आठवड्यात रक्त दे. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. बाबा, मखर माळ्यावरून काढायला शिडीवर चढायचं नाही, दादा २४ ला येतोय. बीपीची गोळी आरतीनंतर नाही, सकाळीच. कोणाकडून माझ्यासाठी चूर्ण, काढा, भस्म काही आणू नका. देवाला काय बोलायचं ते बोला, त्याला माझी ना नाही. गावात विचारलं तर सांगा, कामामुळे येत नाही. तुमच्यापासून लपवलं ते लपवलं, आता पुढे लपवणार नाही. रिपोर्ट हातात आला की पहिला फोन घरी. कसाही असला तरी.

गौरी जेवतात त्या दिवशी माझं पान मांडायचं असेल तर मांड, आई. त्यावर दादाच्या लेकीला बसव. घावन-घाटलं तिला आवडतं, पण घाटलं गरम असताना वाढू नकोस, तोंड पोळतं तिचं. माझंही पोळायचं.

तुमची,
चिमी