सर, तुम्ही मला परत गड चढायला लावलंत

आदरणीय सर,
सा. न.

येत्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय असं कळलं. समारंभात उभं राहून बोलायला गेले तर रडू येईल, म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं अशीच इच्छा आहे.

आठवीची सहल आठवते? रायगडावर बाजारपेठेतल्या एका जोत्याशी मला कौलाचा तुकडा सापडला होता, एका कडेला काळवंडलेला. मी तो गुपचूप दप्तरात टाकला. महादरवाज्यापर्यंत उतरल्यावर मैत्रिणींना दाखवत होते, तेव्हा तुमचं लक्ष गेलं. तुम्ही रागावला नाहीत. "कुठे होता? कितव्या जोत्यापाशी? मातीत रुतलेला की वरच पडलेला?" मला एकाचंही उत्तर येईना. "मग आता ही नुसती खापरी झाली गं," एवढंच म्हणालात. बाकीच्या मुलांना बाईंच्या हवाली केलंत आणि भर उन्हात माझ्यासोबत पुन्हा वर निघालात.

चढता चढता सांगत होतात. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली, लाकडी बांधकाम जळून गेलं, म्हणून आज आपल्याला जोतीच दिसतात. "तुझं कौल त्या आगीत काळं झालं असेल, नाहीतर कुणाच्या चुलीपाशी. जागा नीट ठाऊक असती तर ते शोधता आलं असतं." जागा सापडायला अर्धा तास गेला. तुम्ही वितीने अंतर मोजलंत, मी वहीत आकृती काढली, तुकडा होता तिथे ठेवला.

लोक घोड्यावर बसून बाजार करायचे, असं आम्ही घोकलेलं सांगितलं की तुम्ही विचारायचात, "पुरावा?" गडावरच्या जगदीश्वराच्या देवळातल्या संस्कृत शिलालेखातल्या विहिरी, तलाव, बागा, वाडे यांची यादी आमच्या हातात देऊन एकेक गडावर शोधायला पिटाळायचात. आणि त्याच देवळाच्या पायरीवर, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी" या अक्षरांवरून बोट फिरवताना दर वेळी तुमचा आवाज बदलायचा. कितीतरी मुलांचं एसटीचं भाडं तुम्ही स्वतःच्या खिशातून भरत होतात, हे आम्हाला शाळा सुटल्यावर कळलं.

सर, आज मी उत्खननावर काम करते. थर एकदा उचलला की परत घालता येत नाही. म्हणून खिळा असो की खापर, हात लावण्याआधी खोली मोजायची, थर लिहायचा, फोटो घ्यायचा. नव्या मुलांना घाई होते. मी त्यांना तुमचेच तीन प्रश्न विचारते. जुलै 2025 मध्ये रायगडासह 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा घरी फोन करण्याआधी तुम्हाला केला होता. तुम्ही उचलला नाहीत. गडावर असणार, रेंज नसेल, असं म्हणत मी हसले होते.

ती वही अजून माझ्याकडे आहे. आकृतीखाली तुमच्या अक्षरात "अडीच वीत, उत्तरेकडे" असं लिहिलंय. समारंभाला येताना आणते.

तुमची विद्यार्थिनी