आमचा 'ळ' शिकलेल्या बाईंना

बाई,

मुलं तुम्हाला 'मिस' म्हणायची. आमच्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. हे पत्र फार आधी लिहायला हवं होतं.

१९९९ साली माझा पंधरा वर्षांचा मुलगा कोल्हापूरहून न्यूयॉर्कला आला. सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. आधी ज्या मोठ्या शाळेत त्याला घातलं, तिथे तो तीन आठवडे फिरकला नाही आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. रोज दप्तर घेऊन निघायचा आणि दिवसभर सबवेत बसून राहायचा.

तुमच्या मॅनहॅटन इंटरनॅशनलमध्ये तो पहिल्यांदा गैरहजर राहिला, त्या दिवशी सकाळी दहाच्या आत माझ्या दुकानातला फोन वाजला. "बरं नाही का त्याला?" एवढंच विचारलंत. पण आमचं आडनाव घेतलंत, त्यातल्या 'ळ'सकट! तुम्ही त्याच्याकडून तो चार दिवस घोकून घेतला होता, हे मागाहून कळलं. गल्ल्यामागे उभी राहून मी रडले.

तुमची शाळा सदुसष्टाव्या रस्त्यावरच्या ज्या इमारतीत होती, तिथे आधी एकच अवाढव्य ज्युलिया रिचमन हायस्कूल होतं, पार रसातळाला गेलेलं. १९९३ पासून तिथे नववीचे नवे प्रवेश थांबवले. नव्या लहान शाळा आधी दुसरीकडे रुजवल्या, मगच तिथे आणल्या. दारातले मेटल डिटेक्टर काढले. मोठ्या मुलांच्या जिन्यावरून प्राथमिकची चिमुरडीही जाऊ लागली. ग्रंथालय, जिम सगळ्यांचं. बाकी प्रत्येक शाळेचा संसार वेगळा. पुढे शहरभर अशा लहान शाळा निघाल्या, पण त्यांतल्या कित्येकांना इंग्रजी न येणारी मुलं पहिली दोन वर्षं नाकारायची मुभा होती. याचा मला आजही राग येतो. तुमची शाळा तर अशाच मुलांसाठी काढलेली.

शेवटच्या वर्षी त्याने शाहू महाराजांच्या १९०२ च्या जाहीरनाम्यावर निबंध लिहिला. कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या सरकारी जागा मागासवर्गीयांना देणारा तो हुकूम. निबंध मांडायला तो परीक्षकांपुढे उभा होता, मी मागच्या बाकावर. तुम्ही सोपं काही विचाराल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "याला पुरावा काय? आणि ज्यांचा विरोध होता, त्यांचं म्हणणं काय होतं?" तो गप्प झाला. माझे हात गार पडले. तुम्ही घाई केली नाहीत, दुसरा सोपा प्रश्नही पुढे केला नाहीत. मग त्याने कागद खाली ठेवला आणि बोलायला लागला, अडखळत, पण न बघता.

घरी येताना ट्रेनमध्ये तो सगळा वेळ बोलत होता.

मनापासून आभार, बाई.

तुमच्या विद्यार्थ्याची आई