खुलं पत्र: कुत्र्यांना हीथवरून हाकलू नका, पण नियम तरी एक करा

मा. पर्यावरणमंत्री,
डेफ्रा, लंडन

स.न.वि.वि.

हे पत्र इंग्रजीत तुमच्या ऑफिसला पाठवलंच आहे. इथे मराठीत टाकतेय कारण स्लाव, ब्रॅकनेल, रेडिंग, वोकिंग या पट्ट्यात मराठी कुटुंबं भरपूर आहेत, कोविडनंतर त्यातल्या कितीतरी घरांत कुत्रं आलंय, आणि वीकेंडला ही सगळी मंडळी चॉबम कॉमन नाहीतर थर्स्लीच्या हीथवर, म्हणजे बुटक्या झुडपांच्या मोकळ्या माळरानावर, भेटतात. आमच्याकडे बंड्या आहे, कॉकर स्पॅनियल. ही जातच मुळी झुडपात घुसून पक्षी उठवायला तयार केलेली, त्यामुळे मी जे लिहितेय ते रोजच्या अनुभवातून लिहितेय.

मुद्दा आधीच सांगते. कुत्र्यांना हीथ, जंगल, नदीकाठ बंद करा असं म्हणणारे लोक वाढतायत आणि मला ते पटत नाही. पण सध्या जे चाललंय त्यात पक्षीही मरतायत आणि कुत्रेवाले शिव्याही खातायत, आणि याचं मोठं कारण म्हणजे नियम कुणालाच नीट कळत नाहीत.

आता हेच बघा. 2000 च्या कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे कायद्याप्रमाणे ओपन अॅक्सेस जमिनीवर, म्हणजे जिथे कुणालाही पायी मोकळं फिरता येतं तिथे, 1 मार्च ते 31 जुलै कुत्रं लीशवर हवं, लीश 2 मीटरपेक्षा लांब नको, आणि गुरंमेंढ्या जवळ असतील तर हाच नियम बारा महिने. ठीक आहे, समजलं. पण त्याच हीथमधून पब्लिक फुटपाथ जात असेल तर त्या पायवाटेवर लीश कायद्याने सक्तीची नाही, कुत्रं ताब्यात असलं की झालं. आणि ज्या कॉमनवर, म्हणजे गावाच्या सामायिक मोकळ्या जमिनीवर, फिरायचा हक्क 1925 च्या जुन्या कायद्याने मिळालाय तिथे 2000 चा लीशचा नियम लागूच होत नाही, तिथे वेगळे बायलॉज, म्हणजे स्थानिक नियम, शिवाय कौन्सिलने एखादी ऑर्डर काढली असेल तर ती वेगळी. म्हणजे माणूस गाडी लावून उतरतो, समोर सगळीकडे तेच जांभळं हेदर आणि पिवळा गॉर्स, आणि अर्ध्या तासाच्या चालण्यात तो तीन कायद्यांच्या हद्दीतून जातो, त्याला पत्ताही लागत नाही. वकिलाला विचारून कुत्रं फिरवायचं का आम्ही?

आणि तारखा तरी पक्ष्यांना धरून आहेत का? तेही नाही. वुडलार्क हा चंडोलाच्या जातीतला पक्षी मार्चलाच घरटं करतो, त्याच्यासाठी 1 मार्च बरोबर आहे. पण रातवा (नाइटजार) हा रात्री उडणारा पक्षी बघा. तो मे महिन्यात आफ्रिकेतून येतो, घरटं वगैरे बांधत नाही, उघड्या जमिनीवरच दोन अंडी घालतो आणि वर बसून राहतो. रंग असा की वाळकी पानं आणि सालींच्या तुकड्यांत तो दोन पावलांवर असला तरी दिसणार नाही. माणूस वाटेवरून सरळ गेला तर तो हलतही नाही, पण कुत्रं वाट सोडून हेदरमध्ये शिरलं की भर्रकन उडतो, आणि उडाला की अंडी उघडी, कावळे टपलेलेच असतात. याची दुसरी वीण ऑगस्टमध्येही चालू असते, आणि तुमचा नियम 31 जुलैला संपतो. म्हणून हीथ सांभाळणारे लोक बोर्डावर स्वतःहून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतची विनंती लिहितात. मग एखादा कुत्रेवाला मोबाइलवर कायदा दाखवून म्हणतो, जुलै संपला, मी सोडणार. वॉर्डन काय करणार, कायदा त्या कुत्रेवाल्याच्या बाजूने आहे.

पुणे-सोलापूरकडच्या माळरानावरही रातवा असाच जमिनीवर अंडी घालतो, आणि तिथेही माळ म्हणजे पडीक जमीन, काय करायचंय त्याचं, असंच वर्षानुवर्षं समजत आले. इंग्लंडमध्ये हीथचं तेच झालं. 1800 पासून सखल भागातलं 80 टक्क्यांहून जास्त हीथलँड गेलं, शेतीत, पाइनच्या लागवडीत, घरांत. जे उरलंय त्यातलं एक मोठं म्हणजे आमच्या भोवतालचं थेम्स बेसिन हीथ्स, सरे, हॅम्पशर, बर्कशरमध्ये तुकड्यातुकड्यांत पसरलेलं 8,000 हेक्टरहून थोडं जास्त. 2005 मध्ये ते तीन पक्ष्यांसाठी संरक्षित झालं, रातवा, वुडलार्क आणि डार्टफर्ड वॉर्बलर. हा शेवटचा एवढासा, लालसर छातीचा, गॉर्समध्ये लपणारा पक्षी 1962-63 च्या भयंकर थंडीनंतर अख्ख्या ब्रिटनमध्ये दहा-बारा जोड्यांवर आला होता. तो परत वाढला त्यात ही झुडपं राखल्याचाही वाटा आहे.

आता चांगलं काय झालं तेही सांगते, कारण ते तुमच्याच लोकांनी केलंय. या हीथपासून 400 मीटरच्या आत नवीन घरं सहसा होऊ देत नाहीत, आणि 5 किलोमीटरपर्यंत घरं बांधायची तर बिल्डरला फिरायची वेगळी जागा तयार करून द्यावी लागते, दर हजार नव्या रहिवाशांमागे किमान 8 हेक्टर. सँग म्हणतात तिला. तिथे साधारण अडीच किलोमीटरची गोल वाट असते, गाडी लावता येते आणि मुख्य म्हणजे कुत्रं मोकळं सोडता येतं. मी स्वतः मार्च ते सप्टेंबर बंड्याला तिकडेच नेते. तिथल्या झाडांखालून आणि ओढ्याकाठून तो सुसाट पळतो, आम्ही दोघं खूश आणि हीथवरचे पक्षीही निवांत. नुसतं नको म्हणण्यापेक्षा तिकडे जा असं सांगितलं की लोक ऐकतात, कारण कुत्र्याला दिवसातून दोनदा बाहेर न्यायचंच असतं, त्याला हीथच पाहिजे असं काही नसतं. तुमच्या सरकारला 15 लाख घरं बांधायचीत. बांधा, लोकांना घरं लागतातच, पण त्या घरांबरोबर कुत्रीही येणार, आजच देशात एक कोटीहून जास्त कुत्री आहेत. म्हणून बिल्डरकडून नुसते पैसे घेऊन ते कुठल्यातरी मोठ्या फंडात टाकू नका, जागा घराजवळ आणि लोक राहायला येण्याआधी तयार हवी.

आता विष्ठेचं. लोक पिशवीत भरतात आणि ती पिशवी गॉर्सच्या काट्याला अडकवून पुढे जातात, परत येताना घेऊ म्हणून, आणि ती तिथेच लटकत राहते. ही सवय मला संताप आणते. हीथची माती नापीक असते आणि ती तशी राहिली तरच हेदर टिकतं. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या राखीव जागांचा 2022 मध्ये अभ्यास झाला, त्यात कुत्र्यांच्या मलमूत्रातून हेक्टरी वर्षाला 11 किलो नायट्रोजन आणि 5 किलो फॉस्फरस जमिनीत जातो असा अंदाज निघाला. म्हणजे आपण फुकट खत घालतोय, जिथे खत घालायचंच नाही तिथे. पार्किंगजवळच्या पहिल्या काही पावलांत हेदर जाऊन गवत आणि खाजकुयलीसारखं नेटल माजलेलं दिसतं ते बघायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. आणि नेमक्या याच ठिकाणची कचरापेटी पैसे नाहीत म्हणून काढून टाकतात!

शेवटचा विषय पूर्णपणे तुमच्या हातात आहे. कुत्र्याच्या मानेवर आपण पिसवांचं औषध टाकतो ना महिन्यातून एकदा, त्यात बऱ्याचदा फिप्रोनिल नाहीतर इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असतं. शेतात उघड्यावर फवारायला ही दोन्ही इथे बंद आहेत. तरी ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या पाण्याच्या नमुन्यांची सरकारी आकडेवारी तपासली, 2020 मध्ये ते छापून आलं, तर 99 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं. कुत्रं वे नदीत उडी मारतं, आपण फोटो काढतो, आणि औषध पाण्यातल्या किड्यांपर्यंत जातं. जंगलाचंही तेच, वसंतात लोक प्रेमाने कुत्र्याचे केस विंचरून झुडपावर ठेवतात, पक्ष्यांना घरट्याला होतील म्हणून, आणि 2025 मध्ये त्याच विद्यापीठाने तपासलेल्या प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल निघालं. हे औषध सुपरमार्केटात बिस्किटांच्या पुड्यासारखं मिळतं. जनावरांच्या औषधांना परवानगी देणारं खातं तुमच्याच मंत्रालयाखाली आहे. पिसवा नसताना सवयीने टाकायचं हे औषध व्हेटच्या चिठ्ठीशिवाय विकू नका, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात छापा की औषध लावल्यावर कुत्र्याला नदीत सोडू नये आणि त्याचे केस बाहेर टाकू नयेत.

बाकी मागणं एवढंच. हीथवर कायदा कुठलाही असो, लीशची तारीख एकच ठेवा, 1 मार्च ते 15 सप्टेंबर, आणि पार्किंगच्या बोर्डावर ती चित्रासकट लावा, आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनाही कळेल अशी. त्याच बोर्डावर जवळच्या मोकळ्या जागेचा नकाशा द्या. गाई अंगावर आल्या तर लीश सोडून द्यायची हेही लिहा, तुमच्या कंट्रीसाइड कोडमध्ये, म्हणजे गावाकडे फिरण्याच्या सरकारी सूचनांत, ते आहे, पण नवीन माणूस घाबरून लीश अजून घट्ट धरतो आणि स्वतःच तुडवला जातो. वॉर्डनचे पगार कापू नका, कारण कुत्रेवाल्यांशी गोड बोलून समजावणारा तोच एक माणूस तिथे असतो.

उत्तराची वाट पाहते. उत्तर आलं की मराठीत करून इथेच टाकीन.

आपली,
सरेमधली एक मराठी रहिवासी