त्या दिवशी मशीनवर मी बसलो होतो

बार्शी,
रविवार, रात्री

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्यावर आई बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी होती. मग म्हणाली, "त्याला काहीतरी लिहा. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता." खरंच आहे. म्हणून माळ्यावरून टायपिंगचं मशीन काढलं. रिबन वाळली आहे आणि रफाराची की अडकते. कुठे रफार दिसला नाही तर तो आहे असं धरून वाच.

आईनं सगळं सांगितलं. तुझ्या खोलीतल्या मित्राचा भरतीचा ऑनलाइन पेपर आहे. त्याच्या कानात मण्याएवढं यंत्र असणार, तू बाहेर कुणाच्या तरी गाडीत बसणार, प्रश्न तुझ्या फोनवर येणार आणि बुद्धिमत्ता-गणिताची उत्तरं तू सांगायची. पैशाची बात नाही, दोस्तीखातर. शेवटी तू आईला विचारलंस, "त्याला नाही कसं म्हणू?" करू का, असं तू विचारलं नाहीस. तेवढ्यावर मी रात्री झोपू शकलो.

तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तुला डेंग्यू झाला तेव्हा आम्ही इथून निघून पोचेपर्यंत सलाइनच्या बाटलीखाली तोच बसून होता, आणि दवाखान्यात भरलेले चौदा हजार त्यानं आजतागायत मागितले नाहीत. सहा वर्षं कॉट बेसिसवर राहून, मेसची एक वेळ बंद करून अभ्यास करतोय. त्यानं केलेली बेरीज मला समजते. २०२३ च्या तलाठी भरतीचंच बघ. साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांवर अर्ज, खुल्या प्रवर्गाला हजार रुपये फी. त्यात सामान्यीकरण, म्हणजे वेगवेगळ्या पाळ्यांचे गुण एका पातळीवर आणणं, होऊन कुणाला दोनशेपैकी दोनशे चौदा गुण पडले! मी जन्मभर परीक्षेची पोरं तयार केली, पण पैकीच्या पैकीपेक्षा जास्त कसे मिळवायचे हे मला कुणाला शिकवता आलं नसतं. असं सगळं बघितल्यावर पोराला वाटतं की सरळ रांगेत उभे आहेत ते येडे. तसं वाटण्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

तू लहानपणी एक प्रश्न विचारायचास. "बाबा, तुमच्याकडं टायपिंग शिकलेले सगळे सरकारी नोकरीला लागले, मग तुम्ही का नाही लागलात?" मी म्हणायचो, नशीब. तुझ्या आईलाही आजवर तेच सांगत आलो. ते खोटं होतं.

१९८८ साल. मी टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होतो. मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्द, दोन्ही प्रमाणपत्रं होती, आणि मराठीचा खरा वेग पन्नासच्या पुढे. माझा एक मित्र होता. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. दोघांनी एकाच दिवशी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं होतं. त्याचा परीक्षेचा कॉल आला, माझा नाही आला. जिल्ह्याच्या गावी एका कार्यालयात लिपिक-टंकलेखकाची एक जागा होती. त्याचे वडील आदल्या वर्षीच गेलेले, पाठीवर दोन बहिणी. तीसची परीक्षा तो दुसऱ्या खेपेला कसाबसा पास झाला होता. घड्याळ लावलं की त्याची बोटं थरथरायची आणि मशीनच्या काड्या एकमेकींत अडकायच्या. आठवडाभर आधी तो आला आणि म्हणाला, "माझ्याऐवजी तू बस."

मला हो म्हणायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

कॉलपत्रावर फोटो नव्हता. आदल्या रात्री वहीच्या मागच्या पानावर त्याची सही वीस-पंचवीस वेळा गिरवली. शेवटच्या अक्षराला तो एक शेपूट ओढायचा, ते काही जमेना. सकाळच्या एसटीनं मशीन पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन गेलो, कारण तिथे मशीन आपलं आपण न्यायचं होतं. वऱ्हांड्यात नऊ-दहा जण बसले होते. एक मुलगी होती, तिचं मशीन धाकट्या भावानं डोक्यावर आणलेलं. तिनं विचारलं, "तुमच्याकडं जादा कार्बन आहे का?" मी दिला. मग तिनं नाव विचारलं, आणि मी त्याचं नाव सांगितलं. तोवर मला ही सगळी गंमत वाटत होती. तिच्यासमोर ते नाव तोंडातून निघालं तेव्हा कानशिलं तापली.

उतारा सोपा होता. भीती होती ती नजरेत भरण्याची. म्हणून मुद्दाम सावकाश टाइप केलं, मुद्दाम तीन चुका केल्या. हेडक्लार्क फिरत फिरत माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले आणि म्हणाले, "बोटं छान आहेत हो तुमची." माझ्या बोटांची तेवढी तारीफ पुढे कुणी केली नाही, आणि ती गेली दुसऱ्याच्या नावावर.

तो लागला. प्रतीक्षा यादीत त्याच्याखाली एका बाईचं नाव होतं. ती कार्बनवाली असेल, नसेलही.

पहिले काही महिने तो रोज संध्याकाळी पिशवीतून मसुदे घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये यायचा. पोरं गेल्यावर मी त्याची पत्रं टाइप करायचो, तीन-तीन कार्बन घालून. साहेबाला वाटायचं, कारकून कामसू आहे, उशिरापर्यंत थांबतो. मी टाइप करायचो तेव्हा तो शेजारच्या मशीनवर हात चालवायचा. आणि गंमत ऐक, वर्षभरात त्याचा हात चांगला बसला. चाळीसला पोचला. पाठीमागे घड्याळ नसलं की त्याला येत होतं. पुढच्या वर्षी तो स्वतः बसला असता तर स्वतःच्या बोटांवर लागला असता.

कारण पुढच्या वर्षी त्याच कार्यालयात आणखी एक जागा निघाली, आणि या वेळी कॉल माझा आला.

मी कसा जाणार होतो? तेच हेडक्लार्क. तीच बोटं. वर्षापूर्वी ज्या तोंडानं मी एक नाव सांगितलं होतं, त्याच तोंडानं दुसरं सांगणार होतो. कॉलपत्र चुलीत घातलं आणि तुझ्या आजोबांना सांगितलं की कॉल आलाच नाही. ते दोनदा सेवायोजन कार्यालयात चौकशीला जाऊन आले, उन्हातून, सायकलवर. नंतर जिल्ह्यातून कुठलाही कॉल आला की पोटात गोळा यायचा. परीक्षा घ्यायला तेच हेडक्लार्क नसतील कशावरून? एकदा दारापर्यंत जाऊन परत आलो. वय निघून गेलं. मग मशीनवरची परीक्षाच बंद झाली, कॉम्प्युटर आले, आणि आपली वीस मशीनं भंगारात किलोवर गेली. हे एक ठेवलं.

तुला वाटेल त्याचं पुढे काहीतरी वाईट झालं असेल. काही झालं नाही. बढत्या मिळाल्या, बहिणींची लग्नं झाली, पेन्शन चालू आहे. पण हात बसला तसा तो इन्स्टिट्यूटमध्ये यायचा बंद झाला. तुझ्या आत्याच्या लग्नाला आला नाही. एसटी स्टँडवर दिसला तर पेपरच्या स्टॉलकडे वळायचा. मला आधी राग आला, एवढं केलं याच्यासाठी आणि ओळख दाखवत नाही. समजायला बरीच वर्षं लागली. त्याच्या खुर्चीखाली काय पुरलंय हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. मी कधी कुणापुढे तोंड उघडणार नव्हतो, पण उघडू शकतो एवढंच त्याला पुरेसं होतं. रोज एका ताटात जेवणारी माणसं होतो रे आम्ही.

काल तू म्हणालास, नाही म्हटलं तर दोस्ती तुटेल. तुटेलही. हो म्हटल्यावर काय होतं, ते मात्र तुला पुण्यात कुणी सांगणार नाही, म्हणून हे लिहिलं.

आता थोडं व्यवहाराचं. आमचं प्रकरण दोघांत होतं. तुमचं तसं नाही. प्रश्न परीक्षा केंद्रातून बाहेर कसे येणार, हे तू विचारलंस का? आत कुणीतरी विकला गेल्याशिवाय ते येत नाहीत. यंत्र देणारा एजंट असणार, त्याच्याकडे यादी असणार, आणि त्याच्या फोनमध्ये तुझा नंबर असणार. तुझ्या मित्राला तो दोस्तीखातर देत नाही. शेत तरी गहाण पडलंय किंवा मूळ प्रमाणपत्रं एजंटकडे अडकली आहेत. ते त्यानं तुला सांगितलं नसेल तर विचार.

इथल्या वकिलांना मी कुणाचं नाव न घेता विचारलं. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा केंद्र सरकारचा नवा कायदा २१ जून २०२४ पासून लागू आहे. रेल्वे, बँक, स्टाफ सिलेक्शन, यूपीएससी वगैरे परीक्षांना. राज्यानंही त्याच वर्षी जुलैच्या अधिवेशनात तसंच विधेयक आणलं. केंद्राच्या कायद्यात तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे, टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि दंड एक कोटीच्या खाली नाही. वकील म्हणाले ते लक्षात ठेव: त्या कायद्याचा रोख पेपर देणाऱ्या पोरावर नाही. त्याच्यासाठी परीक्षा मंडळाचे नियम आणि बाकीची कलमं आहेत. हा कायदा आहे उत्तरं पुरवणाऱ्यासाठी. म्हणजे गाडीत बसलेल्यासाठी.

आणि पकडलं जात नाही असं समजू नकोस. २०२१ मध्ये पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेला हिंजवडीत एक उमेदवार मास्कमध्ये सिमकार्ड आणि माइक शिवून आला होता, तो मास्क दारातल्या झडतीतच सापडला. त्याच वर्षी डिसेंबरात टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, गुणांच्या घोटाळ्यात राज्याच्या परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, आणि पुढे सात हजार आठशेहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. बाळू, मी पोरांना टायपिंगची प्रमाणपत्रं मिळवून दिली ती याच परिषदेची. ती बातमी वाचली त्या दिवशी आई म्हणत होती, जेवत का नाही. मी तिला काय सांगणार होतो? मी तर तेहतीस वर्षं आधी सुरुवात केली होती.

आता तुझा प्रश्न, नाही कसं म्हणायचं. तब्येत बरी नाही, गावी जायचंय, फोन बिघडला, असलं काही सांगू नकोस. तो तारीख धरून बसेल आणि ऐनवेळी तू फसवलंस म्हणेल, आणि ते खरंच असेल. खोलीत सांगू नकोस, तिथे आणखी दोघं असतात. जेवण झाल्यावर त्याला घेऊन नदीच्या बाजूला चालत जा आणि सरळ सांग, "मी हे करणार नाही, तूही करू नकोस." पहिलं तोंड उघडल्यावर लगेच सांग. मी माझ्या मित्राशी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलत बसलो असतो तरी शेवटी हो म्हटलं असतं. तो चिडेल, डेंग्यूचं काढेल. काढू दे, ऐकून घे. माझी गोष्ट सांगावीशी वाटली तर सांग, माझ्या नावासकट. त्याची तक्रार करायला मी तुला सांगत नाही. उद्या एजंटाची माणसं तुझ्याकडे आली तर मात्र मला त्याच दिवशी फोन कर, मी येतो.

आणि पेपरला अजून पाच आठवडे आहेत ना? बुद्धिमत्ता त्याला येत नाही असं मला वाटत नाही. दिवाळीत घरी आला होता तेव्हा आईचं भिशीचं गणित त्यानं तोंडी सोडवून दिलं होतं. त्याला घड्याळाची भीती आहे. माझ्या मित्राला होती तीच. रोज रात्री अभ्यासिकेतून आल्यावर त्याला पंचवीस प्रश्न घड्याळ लावून सोडवायला लाव, आणि तू शेजारी बस, काही न बोलता. मी पोरांचा वेग असाच वाढवायचो. घड्याळ आधी उशीखाली ठेवायचं, चार दिवसांनी टेबलावर, मग डोळ्यांसमोर. चुका मोजायच्या नाहीत, पहिले दहा दिवस तर अजिबात नाहीत. तुझा स्वतःचा अभ्यास तासभर बुडेल. बुडू दे.

चौदा हजार उद्या बँक उघडली की तुझ्या खात्यावर टाकतो. एफडी मोडलेली नाही, घाबरू नकोस, सोयाबीनचे आले आहेत. त्याला बोलायच्या आधी ते दे, नंतर नको. नंतर दिलेस तर त्याला वाटेल हिशेब मिटवतोयस.

हे पत्र आईला वाचून दाखवलं. कॉलपत्र चुलीत घातल्याचं आलं तेव्हा तिनं थांबवलं. म्हणाली, "मामंजी शेवटपर्यंत त्या सेवायोजनवाल्याला शिव्या द्यायचे." मग उठून दिवा बारीक केला आणि म्हणाली, बाकीचं उद्या वाचा.

तुझा,
बाबा